लसीच्या फ्रीजमधलं थर्मामीटर

मेलेला माणूस ओळखायला डॉ. वायकोस यांना दहा सेकंद पुरायचे. जिवंत माणूस ओळखायला मात्र त्यांना कधी सवडच मिळाली नाही, असं सत्यशीला सिस्टरचं मत होतं. चार वर्षं ती त्यांच्या हाताखाली नर्स होती आणि चार वर्षांत हे मत बदलावं असं काही साहेबांच्या हातून घडलं नव्हतं. साहेबांचा जीव जालन्यातल्या त्यांच्या खाजगी दवाखान्यात. इथल्या सरकारी आरोग्य केंद्रात फक्त त्यांची सही यायची, तीही आठवड्याची एकदम.

गाव घनसावंगी तालुक्यातलं, गोदेच्या अलीकडचं. नाव सांगत नाही. सांगितलं तर तिथले चार पुढारी उद्या दारात येऊन बसतील आणि चहा पिऊन दमदाटी करतील. अठ्ठ्याण्णव सालचा जानेवारी होता, पोलिओचा रविवार होता, आणि थंडी अशी पडली होती की उसाच्या फडातले कामकरी उजाडल्यावरसुद्धा शेकोटी सोडायला तयार नव्हते. त्या दिवशी मात्र डॉक्टरसाहेब चक्क साडेआठला हजर. तालुक्याहून तपासणीला कोणीतरी येणार होतं आणि फोटो निघणार होता. फोटो म्हटलं की साहेब वेळेवर.

सत्यशीला पहाटेपासून आतल्या खोलीत होती. लसीचा फ्रीज उघडायचा, कुप्या मोजायच्या, बर्फाच्या डब्यांत भरायच्या, एकेका गावाला पाठवायच्या. फ्रीजमध्ये एक लांब काचेचं थर्मामीटर टांगलेलं असे. लस दोन ते आठ अंशांत राहिली पाहिजे, म्हणून दिवसातून दोनदा त्यावरचा आकडा वहीत लिहायचा. हे काम ती डोळ्यांत तेल घालून करायची. कारण बाकी काही बिघडलं तर कोणी विचारत नसे, पण त्या वहीतला आकडा चुकला की जिल्ह्याहून कागद यायचा.

बाहेर गलका झाला म्हणून ती हातातला डबा ठेवून व्हरांड्यात आली. तिथे शहाबादी फरशीवर रामकिसन पडला होता. नुसत्या फरशीवर, ओल्या धोतरात, ओल्या सदऱ्यात. डोक्याच्या डाव्या बाजूला फुटलेलं, रक्त केव्हाच थिजून काळं झालेलं. भोवती पंधरा-वीस माणसं घोंगड्या लपेटून उभी होती. सगळ्यांना ऊब होती, फक्त ज्याला हवी त्याला सोडून.

रामकिसन गावातला बडा शेतकरी. चाळीस एकर, दोन विहिरी, कालव्याचं पाणी आणि भावकीत शब्दाला वजन. काल दिवस मावळताना कालव्याच्या चारीचं, म्हणजे शेतात पाणी आणणाऱ्या पाटाचं दार फिरवायला गेला होता. पाय घसरला, डोकं दाराच्या लोखंडावर आपटलं आणि कमरेपासून खाली पाण्यात, वर काठावर, असा रात्रभर पडून राहिला. तो सासुरवाडीला गेला असेल असं घरच्यांना वाटलं, आणि सासुरवाडीला तर काही वाटायचं कारणच नव्हतं. सकाळी गुराख्याला दिसला.

"अंगावरचं ओलं काढलं न्हाई अजून?" सत्यशीलाने विचारलं.

पोलीस पाटील तातेराव पुढे झाला. गावात मुडदा पडला की याच्या चेहऱ्यावर तेज चढायचं. "कोनी हात लावायचा न्हाई, सिस्टर. अपघाताची केस हे. जमादार येऊस्तोर जसा सापडला तसाच ठिवायचा. पंचनाम्यात गडबड झाली तं मला जबाब द्यावा लागतो."

"कवापासून पडून हे इथं?"

"तास झाला असंन."

म्हणजे रात्रभर पाण्यात गारठलेल्या माणसाला या शहाण्यांनी आणखी एक तास ओल्या कपड्यात दगडावर ठेवला होता. का, तर पंचनामा बराबर व्हावा. सत्यशीलाला हसावं की थुंकावं ते कळेना. ज्या गावात माणूस जगण्यापेक्षा तो नीट मेला पाहिजे याची काळजी जास्त, त्या गावात आपण सात वर्षं लसी टोचतोय, असं तिच्या मनात आलं.

"डॉक्टरसाहेबांनी पाह्यलं," रामकिसनचा धाकटा भाऊ बद्रीनाथ म्हणाला. "गेला म्हने."

साहेब व्हरांड्याच्या टोकाला तपासणीवाल्यांची वाट बघत उभे होते. हातात कंगवा होता. त्यांनी लांबूनच मान डोलवली. "सिस्टर, हे तुमचं काम नाही. नाडी नाही, अंग लाकडासारखं, डोळ्यांच्या बाहुल्या हलत नाहीत. थर्मामीटर लावलं, चौऱ्याण्णवच्या वर हलला नाही पारा. मी मृत म्हणून नोंद केली आहे. जमादार आला की शवविच्छेदनाला पाठवून द्या. तुम्ही लसीकडे बघा."

"साहेब, त्या थर्मामीटरवर चौऱ्याण्णवच्या खाली आकडेच न्हाईत."

"म्हणजे?"

"म्हंजे तो पारा हलला न्हाई. त्याला हलायला जागा न्हाई खाली. माणूस चौऱ्याण्णववर हे का साठवर, ते त्याच्यावरून कसं कळंन?"

साहेबांनी कंगवा खिशात घातला. एमबीबीएसच्या पाच वर्षांत हा विचार त्यांच्या डोक्याला शिवला नव्हता, आणि आता शिवला तर तो एका नर्सच्या तोंडून, हे त्यांना पटेना. "सिस्टर, फार शहाणपणा नको."

सत्यशीला शहाणपणा करत नव्हती. ती रामकिसनच्या पोटाकडे बघत होती. जन्मलेलं मूल रडलं नाही की ती असंच बघायची, एक पूर्ण मिनिट, मधे पापणी न लवता. अठरा वर्षांत तिने हिवाळ्यातली कितीतरी मुलं बघितली होती. निळी पडलेली, थंडगार, हातात घेतली तर मातीच्या बाहुलीसारखी. सुईण म्हणायची गेलं, आजी म्हणायची गेलं. जालन्याच्या प्रशिक्षणात एका म्हाताऱ्या मॅडमनी सगळ्या नर्सना उभं करून तीनदा म्हणायला लावलं होतं, की गार पडलेलं बाळ गरम केल्याशिवाय मेलं म्हणायचं नाही. आधी ऊब द्यायची, मग बघायचं. सत्यशीलाने आपल्या छातीशी धरून अशी सात मुलं परत आणली होती. त्यातलं एक तर आता त्याच व्हरांड्यात घोंगडी लपेटून पंधरा-वीस जणांत उभं होतं.

रामकिसनचं पोट हललं. इतकं थोडं की दुसऱ्या कोणाला दिसलंही नसतं. मग कितीतरी वेळ काही नाही. मग पुन्हा. मिनिटात चार वेळा.

ती आत गेली, फ्रीज उघडला आणि आतलं थर्मामीटर काढून आणलं. रामकिसनचा ओला सदरा कात्रीने कापला, थर्मामीटर काखेत घातलं आणि त्याचा हात अंगाशी दाबून धरला.

"अहो, ते लसीचं आहे!" साहेब किंचाळले. माणूस मेला तेव्हा त्यांचा आवाज एवढा चढला नव्हता.

"याच्यावर उणे पन्नासपासून आकडे हेत, साहेब. हे खोटं बोलनार न्हाई."

ती दुसऱ्या हाताची बोटं रामकिसनच्या गळ्याला लावून बसली. काचेतली लाल रेघ चारपासून वर सरकायला लागली. दहा, पंधरा, वीस. पाच मिनिटांनी ती सत्तावीस सेल्सियसवर थांबली; धडधाकट माणसाची सदतीसवर असते. आणि गळ्यापाशी, बोटांखाली, कोणीतरी फार लांबून दार वाजवावं तसा एक ठोका लागला. ती मोजत राहिली. मिनिटाला बावीस.

"बद्रीभाऊ, तुमच्या चारीचं पानी किती गार हे? ह्या फरशीवानी, हो ना? रात्रभर त्यात पडलेला मुडदा तेवढाच गार पाह्यजे. मंग ह्यो सत्तावीसवर कसा? आत काहीतरी जळून राह्यलंय. काळीज चालू हे तुमच्या भावाचं."

रामकिसनची बायको उषाबाई व्हरांड्याच्या खांबाला टेकून होती. भावकीतल्या दोघी तिच्या गळ्यातलं काढायला सरसावल्या होत्या, जणू उशीर झाला तर दंड बसणार होता. तिने त्यांचे हात झटकले आणि सत्यशीलासमोर येऊन उभी राहिली. "काय आनू?" एवढंच विचारलं. त्या सगळ्या गर्दीत कामाचं वाक्य तेवढं एकच निघालं.

"गोधड्या. असतील तेवढ्या. आन् चुलीवर पानी."

मग जी घाई सुटली ती विचारू नका. इतका वेळ ज्यांना हात लावायचा नव्हता, त्या सगळ्यांना एकदम हात लावायचे होते. एकजण तळपाय घासायला बसला. एकीने कांदा फोडून आणला. कोणीतरी गोडेतेल गरम करायला धावलं. बद्रीनाथ म्हणाला, शेकोटी पेटवा आन् त्याला जवळ झोपवा. तातेराव म्हणाला, दोन घोट दारू पाजा, लगेच उठंन.

"खबरदार कोनी चोळलं तं!" सत्यशीला अशी ओरडली की कांदेवाली कांद्यासकट मागे सरली. "हातपाय चोळले की तिथलं सगळं गार रक्त एकदम काळजावर जातं. बंद पडंन ते. धक्का लागला तरी बंद पडंन. आन् दारू ज्यानं आनली त्यालाच पाजा."

मग ती साहेबांकडे वळली. "साहेब, तुमच्या कपाटात ऑक्सिजनच्या सिलिंडरचा पाना हे."

साहेबांनी किल्ली दिली. द्यावीच लागली. बाहेर आता सगळं गाव गोळा झालं होतं, आणि मृत म्हणून लिहिलेला माणूस श्वास घेत होता. असल्या वेळी हुशार अधिकारी जे करतो ते साहेबांनी केलं: आतल्या खोलीत जाऊन नोंदवही काढली आणि पान बघत बसले.

चौघांना चार कोपऱ्यांना धरायला लावून तिने रामकिसनला चादरीवर आडवाच्या आडवा उचलला, मान हलू दिली नाही. मानेच्या दोन्ही बाजूंना टॉवेलच्या गुंडाळ्या. प्रसूतीच्या खोलीत, जिथे दारं लागत होती, तिथल्या खाटेवर ठेवला. ओलं सगळं कापून काढलं, अंग टिपून कोरडं केलं, घासून नव्हे. खाली गोधडी, वर गोधडी, नाकाला ऑक्सिजनची नळी. सलाईनच्या रिकाम्या काचेच्या बाटल्यांत गरम पाणी भरून, फडक्यात गुंडाळून, काखेत आणि छातीच्या बाजूंना लावल्या. हातापायांना नाही. आधी मधलं गरम करायचं, कडा मागाहून. बाळांचं ती असंच करायची, फक्त बाळांना बाटल्या लहान लागायच्या. सलाईनची भरलेली बाटली कोमट पाण्याच्या बादलीत बुडवून, आपल्या मनगटावर दोन थेंब टाकून बघून, मगच नळी जोडली. डोक्याच्या जखमेवर पट्टी, त्यावर उषाबाईने आणलेला मफलर.

मग तिने विजेरी घेऊन त्याच्या पापण्या उघडल्या. उजवी बाहुली बारीक होती. डावी मोठी, पसरलेली. ती थांबली. थंडीने दोन्ही पसरतात. एकच पसरली म्हणजे कवटीच्या आत रक्त साठतंय आणि मेंदूला एका बाजूने दाबतंय. ते काम प्रसूतीच्या खोलीत होण्यासारखं नव्हतं.

गोधड्या कमी पडत होत्या. तिने आपल्या क्वार्टरमधून स्वतःची जाड गोधडी आणली. ती अंगावर घालताना खोलीत एक लहानशी शांतता झाली. बद्रीनाथच्या चुलतीने पदर नाकाशी नेला. सत्यशीलाला ती शांतता पाठ होती. सात वर्षांत या गावात तिला कोणी खोली दिली नव्हती. बौद्ध बाई, सरकारी क्वार्टर हे तिला, कशाला गावात? आणि या शांततेतला मोठा वाटा आता खाटेवर पडलेल्या माणसाचाच होता. त्याच्या नातवाला लस द्यायला ती गेली की रामकिसन ओसरीवरून हात करायचा, बाई, तिथंच थांब. मग सून मूल अंगणात आणायची, टोचून झालं की त्याच्यावर पाणी शिंपडून आत न्यायची. गावच्या जेवणावळीत तिचं पान उकिरड्याच्या बाजूला मांडायला त्यानेच सांगितलं होतं, आणि ती न जेवता उठून आली तर म्हणाला होता, बाईला मिजास फार.

असल्या माणसाला आपल्या गोधडीत गुंडाळताना तिला दया वगैरे आली नाही. कोणी तसं सांगत असेल तर खोटं आहे. तिला त्याची किळस होती, तेव्हाही आणि नंतरही. पण काखेतली रेघ सत्तावीसवरून अठ्ठावीसवर सरकली होती. ती रेघ पुन्हा खाली जाऊ द्यायची नाही, एवढं एकच तिच्या डोक्यात होतं. ज्या गोष्टीवर आपण सही केली ती तडीस न्यायची तिला खोड होती. साहेबांना नसलेली.

"काढू का ती?" बद्रीनाथच्या चुलतीने हळूच विचारलं. "आमची आनते ना धुतलेली."

"आना की," सत्यशीला म्हणाली. "ह्याच्या वरून घाला. आन् काढायचीच असंन तं सांगा, मंग मीबी काढते माझे हात."

चुलती आपली गोधडी आणायला गेली.

जीप दहा वाजता लस टाकून परत आली. ड्रायव्हर साहेबराव उतरायच्या आतच सत्यशीलाने त्याला सांगितलं, औरंगाबाद. साहेबांनी एकदा म्हणून बघितलं की दुपारच्या लसीला जीप लागेल, तपासणीवाले काय म्हणतील. उषाबाई जीपसमोर जाऊन रस्त्यात बसली. साहेब पुन्हा नोंदवहीकडे गेले.

शंभर-सव्वाशे किलोमीटर. अंबडपर्यंतचा रस्ता म्हणजे नुसते खड्डे, मधूनमधून डांबर. मागे खाली गाद्या घालून रामकिसन, डोक्याकडची बाजू जराशी वर, डोक्याशी सत्यशीला, पायाशी उषाबाई, पुढे बद्रीनाथ. गाव सुटल्याबरोबर त्याने साहेबरावच्या मागे लागायला सुरुवात केली. "जल्दी घे ना! हान! माझा भाऊ मरून राह्यला आन् तू बैलगाडी हाकतो का?"

"साहेबराव, अंबड येऊस्तोर पंधराच्या वर न्हाई," मागून सत्यशीला.

"पंधरा? बाई, रात होईन!"

"होऊ द्या. गारठलेलं काळीज हे. खड्ड्यात गाडी आदळली की थांबंन, मंग औरंगाबादला मुडदा घिऊन पोचा जल्दी जल्दी."

बद्रीनाथ वळून तिच्याकडे असा बघत राहिला, जणू तीच त्याच्या भावाला मारायला निघालीय. मोटरसायकली, उसाच्या ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, एकदा तर एक टांगासुद्धा त्यांच्या पुढे गेला. प्रत्येक वेळी बद्रीनाथने कपाळावर हात मारून घेतला. साहेबराव मात्र दातावर दात दाबून एकेक खड्डा असा टाळत होता की मागे बाटल्यांतलं पाणीसुद्धा डचमळू नये. वाटेत दोन ठिकाणी हॉटेलांतून तिने कढत पाणी घेऊन बाटल्या बदलल्या. हॉटेलवाल्याने पैसे घेतले नाहीत, हे त्या दिवसातलं, उषाबाईच्या 'काय आनू'नंतरचं, दुसरं शहाणपण.

अंबडनंतर नीट डांबर लागलं तसा साहेबरावने वेग दुप्पट केला. पाचोडच्या पुढे रामकिसन थरथरायला लागला. आधी हनुवटी, मग खांदे, मग सगळं अंग. उषाबाईने घाबरून सत्यशीलाचं मनगट धरलं.

"झटका आला का हो?"

"न्हाई. हीव वाजून राह्यलं. अंगाला आता कळलं की आपल्याला थंडी वाजती." तिने काखेतलं थर्मामीटर काढून बघितलं. एकतीस. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते त्या माणसासाठी नव्हतं. तिने ते मागे वळून पुसलं.

औरंगाबादच्या मोठ्या दवाखान्यात त्यांना अडीच वाजले. डोक्याचा फोटो काढला, रक्ताची गाठ दिसली, तासाभरात टेबलावर घेतला. मेंदूचा सर्जन तरुण होता, चष्म्याचा, झोप न झालेला. संध्याकाळी तो बाहेर आला आणि हिरव्या टोपीतच बाकावर तिच्याशेजारी बसला. म्हणाला की गाठ निघाली. म्हणाला की एवढं रक्त आत साठून इतके तास कोणी टिकत नाही. पण गारठ्याने याच्या मेंदूची भूकच कमी झाली होती, म्हणून रात्र निभावली. मात्र तोच गारठा आणखी तासभर राहिला असता तर काळीज गेलं असतं. आणि कोणी शेकोटीवर भाजून काढला असता तरी गेलंच असतं.

"कोणी केलं हे गरम करायचं काम? कोण डॉक्टर आहेत तिथे?"

"बाळंतिनीच्या खोलीतलं काम हे, साहेब," सत्यशीला म्हणाली. "ह्याला डॉक्टर लागत न्हाई."

कागदावर मात्र पाठवणारे म्हणून डॉ. वायकोस यांचंच नाव होतं. नियम तसा आहे. त्या नियमाने सव्वीस जानेवारीला शाळेच्या पटांगणात साहेबांना शाल-श्रीफळ मिळालं. मृत्यूच्या जबड्यातून वगैरे भाषण तातेरावने केलं, तोच तातेराव. नोंदवहीतलं पान साहेबांनी असं सफाईने बदललं होतं की त्या कामाचा वेगळा सत्कार करायला हरकत नव्हती. सत्यशीलाला पण जिल्ह्याहून कागद आला: लसीच्या फ्रीजमधील तापमापकाचा गैरवापर करून शीतसाखळीस धोका पोचवल्याबद्दल आपल्यावर कारवाई का करू नये, याचा खुलासा करावा. तिने खुलासा केला. तिची एक वेतनवाढ थांबली, आणि बदनापूरला नवऱ्याजवळ बदली मागितली होती तो अर्जही साहेबांच्या शिफारशीवाचून पडून राहिला.

रामकिसन होळीच्या सुमाराला घरी आला. डोक्याचे केस अर्धे उगवलेले, उजवा हात जरासा ढिला, बोलणं संथ, एकेक शब्द शोधून काढलेला. बायकोला ओळखायचा, भावाला ओळखायचा. बैल ओळखायचा, शेताचा बांध ओळखायचा. पण मधलं पुष्कळसं पुसलं गेलं होतं. पैशाच्या नोटा त्याला सारख्या वाटायच्या. आठवड्याचे वार उलटसुलट व्हायचे. सर्जनने घरच्यांना बजावलं होतं, की याच्यावर चिडायचं नाही. लहान मुलाला शिकवतात तसं एकेक गोष्ट पहिल्यापासून, कारण सांगून शिकवायची.

आणि कोणाशी किती अंतरावर उभं राहायचं, हेही तो विसरला होता.

रोज सकाळी फिरायला म्हणून निघायचा आणि आरोग्य केंद्रामागच्या क्वार्टरच्या दारात येऊन बसायचा. पहिल्या दिवशी सत्यशीला चहा घेत होती. त्याने तिच्या कपाकडे बघून हात पुढे केला. तिने एक क्षण त्याच्या तोंडाकडे बघितलं. तिथे काहीच नव्हतं, ना आढेवेढे, ना उपकार. तिने दुसरा कप भरला. त्याने फुरके मारत प्यायला आणि म्हणाला, "आक्का, साखर कमी हे." दुसऱ्या दिवशी पुन्हा. चौथ्या दिवशी तिच्या टोपलीतली भाकरी मागून खाल्ली. गावात बोंब झाली. भावकीने बैठक घेतली. साहेबांना विचारलं, तर साहेब म्हणाले की यावर गोळी आहे, पण जालन्यात माझ्या दवाखान्यात या.

आठव्या दिवशी बद्रीनाथ आला. उंबऱ्याच्या बाहेर चपला काढाव्यात की नको हे न ठरून, तसाच उभा राहिला. रामकिसन खाटेच्या कडेला बसून चहात भाकरी बुडवत होता.

"सिस्टर," बद्रीनाथ आवाज खाली करून म्हणाला, "तुमचे उपकार हेत, आम्ही न्हाई म्हनत न्हाई. पन त्याला दारात घेत जाऊ नका. त्याला कळत न्हाई. तुम्हाला तं कळतं."

"मी बोलवायला गेल्ते का त्याला?"

"तसं न्हाई. तुम्ही एकदा सांगा की, इथं येत जाऊ नको म्हनून. तुमचं ऐकंन तो."

"त्याला जितं करायचं काम माझं होतं, बद्रीभाऊ. ते झालं. शाना करायचं काम तुमचं. तुम्हीच सांगा."

बद्रीनाथ एक पाऊल आत आला. मग भावाच्या खांद्याला हात लावून म्हणाला, "दादा, चल. इथं यायचं न्हाई. इथलं खायचं न्हाई."

रामकिसनने भाकरीचा घास गिळला. कपाळाला आठ्या घालून शब्द शोधला. नव्या वर्गातल्या मुलासारखा, मन लावून त्याने विचारलं, "काहून?"

बद्रीनाथने तोंड उघडलं. सबंध आयुष्यात या गोष्टीसाठी त्याला कधी शब्द लागला नव्हता. नुसता हात केला की भागायचं, नजर वळवली की भागायचं. आता भाऊ समोर बसून, तोंड वर करून, कारणासाठी थांबला होता. बद्रीनाथने एकदा सत्यशीलाकडे बघितलं, एकदा त्या भाकरीकडे, एकदा रस्त्याकडे.

"सांगा ना," सत्यशीला म्हणाली. ती चुलीपाशी हात बांधून उभी होती. "सर्जननी सांगितलंय न्हाई का, पहिल्यापासून, कारन सांगून शिकवायचं. सांगा. मीबी ऐकते."

"चल दादा," बद्रीनाथ म्हणाला. "बैलं सोडायची हेत. मंग सांगतो."

रामकिसन जागचा हलला नाही.

"न्हाई," तो म्हणाला. "आत्ता सांग."